ऐरणीचा ढग

माझ्या दोघा बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर मोठीने मला विचारलं, "आजी, तू खरंच कुणाची एंगेजमेंट स्पॉइल केलीस?" मी उत्तर देण्याआधीच तुमच्या बाबाने फोन स्वतःकडे घेतला आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली. माझे गुडघे ठीक आहेत. प्रश्नाचं उत्तर राहिलं, ते आता लिहून पाठवते. आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या बायकोने तुमच्या आईला भलामोठा मेसेज पाठवलाय, हे मला माहीत आहे. मी माफी मागावी असं तुमच्या बाबाला वाटतं, हेही माहीत आहे. तुम्ही त्या बाईंच्या शब्दांत ऐकण्याआधी माझ्या शब्दांत वाचावं, एवढ्यासाठी हे लिहितेय. मराठीतच लिहितेय. बोट ठेवून हळूहळू वाचा, अडलं तर आईला विचारा.

पहिल्यांदा माझ्या इंग्रजीबद्दल सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं. गिरगावातल्या इंग्रजी शाळेत मी शिकले आणि पदवी घेऊन फोर्टमधल्या एका विमा कचेरीत लागले. आमचा विभाग जहाजांच्या मालाचा. वाटेत माल भिजला की जहाजाचा कॅप्टन बंदरात उतरून शपथेवर लेखी निवेदन द्यायचा: अमुक ठिकाणी आकाश असं होतं, वारा असा होता, लाट अशी आली. ती निवेदनं वाचून त्यांचा गोषवारा काढणं हे माझं काम. 'रफ वेदर' एवढंच लिहिलेलं असलं तर आमचे साहेब कागद बाजूला सारायचे. म्हणायचे, समुद्र आहे, रफ असणारच. पण 'ओव्हरकास्ट' कधी झालं, 'स्क्वॉल', म्हणजे अचानक उठणारा वादळी वारा, कुठल्या दिशेने आला, खालून 'स्कड' धावत होते का, हे लिहिलेलं असलं की चष्मा लावून वाचायचे. साहेबांचं एक वाक्य मी घरी येऊन तुमच्या आजोबांना पुष्कळदा ऐकवलंय. ते म्हणायचे, ज्याचा शब्द नेमका नाही, त्याचा भिजलेला माल त्याच्या पदरात.

असे माझ्याकडे आभाळाचे इंग्रजी शब्द जमत गेले. 'लेडन' म्हणजे शिशासारखं जड. 'लाउरिंग' म्हणजे खाली उतरत आलेलं. हाच शब्द ते लोक कपाळाला आठ्या घालून बसलेल्या माणसालाही लावतात. 'स्कड' म्हणजे मोठ्या ढगांच्या पोटाखालून पळणारी फाटकी चिंधुकं. 'मॅकरल स्काय' म्हणजे बांगड्याच्या पाठीसारखं आकाश. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ऑफिसात बसून मला भायंदरच्या मासळीबाजाराचा वास आला होता. आम्ही तेव्हा नुकतेच गिरगावातली खोली सोडून इकडे भायंदरच्या अलीकडे, पूनम सागर सोसायटीत राहायला आलो होतो. सातवा मजला, शेवटचा. वर थेट गच्ची. घर घेताना तुमच्या आजोबांनी तेवढंच पाहिलं होतं.

ती गच्ची तुम्हाला मी फोनवर दाखवलेली आहे. पश्चिमेला खाडी, मुर्ध्याकडची मिठागरं, त्यातली आता बरीच बुजलेली. पूर्वेला घोडबंदर रस्ता आणि चेण्याचे डोंगर. तुम्ही स्कॉटलंडला गेलात त्या वर्षी आपण खेळ ठरवला. रविवारी तुमची सकाळ आणि माझी कलती दुपार. मी गच्चीवर उभी राहून माझं आकाश दाखवायचं, तुम्ही खिडकीतून तुमचं, आणि दोन्हीकडून एकेक शब्द. 'ग्रे' चालणार नाही असा नियम मी केला होता, कारण ग्रे हा रंग झाला, आकाश नाही. धाकट्याने शाळेतून 'ड्रीख' असा शब्द आणला, भिजकट, कंटाळवाण्या दिवसासाठी. माझ्या डिक्शनरीत तो नव्हता. मी त्याला त्या बदल्यात 'कुंद' दिला. मोठीने 'ग्लूमी' म्हटलं की मी 'मळभ' म्हणायचे. तुम्हाला मराठी वाचता येतं त्यात तुमच्या रविवारच्या शाळेचा वाटा असेल, पण या खेळाचा जास्त आहे, असं मी मानते.

खाली सोसायटीतही माझा हा उद्योग लोकांना माहीत होता. ग्रुपवर मी लिहायचे, "आभाळ येतंय, कपडे काढा." आमच्याकडे गुजराती, मारवाडी, यूपीचे, कोकणातले सगळे राहतात, म्हणून खाली तेच हिंदीत. समोरच्या दारातली गुजराती शेजारीण तर सकाळी दार उघडून विचारायची, "आंटी, आज पापड डालूं?" मी सांगायचे, डाल, किंवा सांगायचे, थांब.

मग नवे चेअरमन निवडून आले.

हे गृहस्थ एका शिपिंग कंपनीत आहेत. नेमके काय करतात ते मला कितीतरी दिवस कळलं नाही, पण बोलताना दर दुसऱ्या वाक्यात 'मी शिपिंगमध्ये आहे' असं येतं. पाण्याची टाकी धुवायची असली तरी येतं. निवडून आल्यावर त्यांनी पहिला नियम केला तो ग्रुपचा. सोसायटी मिक्स आहे, म्हणून सगळं फक्त इंग्लिशमध्ये, आणि फक्त ऑफिशियल. माझ्या आभाळाच्या मेसेजखाली त्यांनी लिहिलं की कपडे कधी काढायचे ही सोसायटीची बाब नाही. दुसरा नियम गच्चीचा. सेफ्टीसाठी टेरेस बंद, चावी चेअरमनकडे. मी तिला चावी म्हणत नाही, किल्ली म्हणते. कपडे वाळत घालणाऱ्या बायका कुरकुरल्या आणि खिडकीबाहेरच्या दोऱ्यांवर आल्या.

हा दुसरा नियम त्यांनी कधी लागू केला, ते ऐका. मे महिना होता. तुमच्यासाठी कुरडया घातल्या होत्या. गहू भिजवून, दर दिवशी पाणी बदलून, वाटून, चीक काढून, तो शिजवून सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. या वयात ते एकटीचं काम नाही. समोरची शेजारीण मदतीला आली होती. पहिला घाणा सुकला होता, तो मी सकाळीच डब्यात भरून खाली आणला. बाकीच्या कुरडया गच्चीत प्लास्टिकवर होत्या. जेवून जरा पडले, उठले तर पूर्वेकडून उजेड बदललेला. वळवाचं आभाळ. मी जिना चढून गेले, तर दाराला नवीन कुलूप. सूचना नाही, काही नाही. वॉचमनला खाली फोन केला. तो म्हणाला, "चावी साबके पास है, साब भायंदर गये है." साहेबांना फोन केला. त्यांनी उचलला, ऐकलं, आणि म्हणाले की ते मीटिंगमध्ये आहेत.

मी त्या कुलपाशी उभी राहून पाऊस ऐकला. पत्र्याच्या दारावर थेंब वाजत होते आणि पलीकडे माझ्या कुरडयांचा परत चीक होत होता. शेजारीण माझ्या मागे उभी होती. तिच्या तोंडून गुजरातीत जे निघालं ते मी तुम्हाला लिहून पाठवणार नाही.

पण कुरडयांवरूनच मी एवढी पेटले असं समजू नका. कुरडया पुन्हा घालता येतात. मी चेअरमनकडे गेले आणि रविवारी दुपारी तासभर किल्ली मागितली. ते म्हणाले, एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. मी म्हटलं, मग सगळ्यांना द्या. ते म्हणाले, जनरल बॉडीत मांडा. मी मांडलं. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली होती. मी उभी राहिले आणि नीट सांगितलं की नातवंडं दूर आहेत, आठवड्यातून एकदा त्यांना इथलं आकाश दाखवते, त्यासाठी गच्ची हवी.

चेअरमन हसले आणि म्हणाले, "काकू, तिकडे स्कॉटलंडला आकाश नाहीये का? का तुम्ही इथून एक्स्पोर्ट करताय? एक्स्पोर्ट असेल तर मला सांगा, मी शिपिंगमध्ये आहे."

सगळे हसले. यूपीच्या लोकांना कुणीतरी हिंदीत समजावून सांगितलं, मग तेही हसले, म्हणजे मला दोनदा ऐकावं लागलं. विनोद चांगला होता. वाईट असता तर एवढा लागला नसता.

त्यानंतर मी तुम्हाला खिडकीतून आकाश दाखवायला लागले. माझ्या खिडक्या शेजारच्या विंगकडे आहेत. साडीच्या काठाएवढी पट्टी दिसते, तीही मान वाकडी केल्यावर. पावसाळाभर तुम्ही सांभाळून घेतलंत. मग एकदा धाकटा म्हणाला, "आजी, तुझ्याकडे तर फक्त भिंत आहे." तो खरं तेच बोलला. पुढच्या वेळी मोठी एकटीच आली, थोडा वेळ. त्यानंतरच्या रविवारी तुमच्या बाबाने सांगितलं की मुलांचा पोहण्याचा क्लास आता रविवारी सकाळी ठेवलाय, आपण मधे कधीतरी बोलत जाऊ. मी म्हटलं, चालेल. फोन ठेवला आणि ओट्यावरची चहाची भांडी घासत बसले. ती आधीच घासलेली होती.

तुम्ही मुलं आहात, तुमचं काही चुकलं नाही. भिंतीशी कोण किती बोलणार? पण मला हे ठाऊक होतं की आधी क्लास येतो, मग वाढदिवसाचा फोन उरतो, मग मुलं विचारतात की आजीशी काय बोलू. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांच्या घरी हे असंच झालंय. माझ्याकडे ते होऊ न देणारी एकच वस्तू होती, आणि तिला एका माणसाने कुलूप लावलं होतं, आणि वर लोकांना हसवलं होतं.

त्या दिवसापासून मी त्यांचं वाईट चिंतायला लागले. देवाला काही सांगितलं नाही, तो असल्या कामांना फार वेळ लावतो. निबंधकांकडे तक्रार करता आली असती, पण त्यात मला फक्त किल्ली मिळाली असती. मला किल्ली हवी होती आणि ते हसूही फिरवायचं होतं.

ऑक्टोबरात लिफ्टमध्ये एक सूचना लागली. अर्थात इंग्रजीत. चेअरमनच्या मुलीच्या साखरपुड्यानिमित्त शनिवारी संध्याकाळी टेरेस राखीव राहील. एक म्हातारी आणि एक मोबाइल यांना जी गच्ची धोक्याची होती, ती मांडव, खुर्च्या, स्टेज, केटरर आणि दोन्हीकडचे पाहुणे यांना सेफ होती. सूचना वाचून मी घरी आले आणि ऑक्टोबर महिन्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

कारण इथे एक गोष्ट आहे. मुंबईच्या बाजूची माणसं पाऊस बघायचा म्हणजे पश्चिमेला बघतात. चार महिने पाऊस समुद्रावरून येतो, त्यामुळे सवय तशीच लागते. जाहिरातींतही खाडीकडचं आकाश विकतात, डोंगराकडचं कुणी विकत नाही. पण परतीचा पाऊस उलटा येतो. सकाळभर कडक ऊन, समुद्रावर ढगाचा टिपूस नाही, आणि दुपारी चेण्याच्या डोंगरामागे कापसाचे ढीग चढायला लागतात. संध्याकाळी ते पाठीमागून येऊन पडतात.

शनिवारी दुपारी डेकोरेटरच्या माणसांनी गच्ची उघडी ठेवली होती. मी वर गेले. कित्येक महिन्यांनी जात होते. खाडीकडे आकाश धुतलेल्या ताटासारखं. चेअरमन तिकडेच तोंड करून उभे होते. मांडववाल्याला सांगत होते की वरून ताडपत्री नको, फोटोत आकाश आलं पाहिजे. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि पूर्वेला पाहिलं. डोंगरामागून ढग उभा राहिला होता. खाली काळसर, वर फुलकोबीसारखा फुगलेला, आणि अगदी डोकं मात्र फुगायचं थांबून सपाट पसरलेलं, लोहाराच्या ऐरणीसारखं. इंग्रजीत त्याला 'ॲन्व्हिल' म्हणतात, म्हणजे ऐरणच. ढगाने तो आकार धरला की त्याच्या पोटात जे व्हायचं ते झालेलं असतं; कुठे पडायचं तेवढं बाकी असतं. वारा पूर्वेचा होता.

चेअरमन मला म्हणाले, "काय काकू, एक्स्पोर्टला आलात?" मांडववाला हसला. मी खाली आले, हात धुतले, चष्मा लावला आणि ग्रुपवर लिहिलं.

इंग्रजीत लिहिलं, नियमाप्रमाणे. विमा कचेरीत लिहायचे तशा भाषेत. पूर्वेला ॲन्व्हिलसह टॉवरिंग क्युम्युलोनिंबस. सूर्यास्ताआधी स्क्वॉलची शक्यता. सिक्युअर ऑल कॅनव्हास. म्हणजे जेवढं कापड उभारलंय तेवढं आवळून बांधा. एकही शब्द खोटा नाही, एकही कमी नाही. ज्याला तो कळायला हवा त्याला दिलेला निरोप होता, कारण 'स्क्वॉल' हा शब्द बंदरावरच्या हमालापासून आगबोटीच्या मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. जो माणूस शिपिंगमध्ये आहे, त्याला तर असणारच. आणि नसेल, तर एवढ्या लोकांसमोर तो विचारणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. हात जोडल्याचं चित्र आणि खाली इंग्रजीत, मॅडम, सुंदर काव्यपंक्तींबद्दल आभार, पण ग्रुपवर कृपया ऑफिशियलच टाका.

समोरच्या शेजारणीने दार वाजवलं. फोन पुढे करून म्हणाली, "आंटी, इसमें लिखा क्या है?"

मी म्हटलं, "कपड़े अंदर ले ले."

ती आत गेली, कपडे काढले, आणि परत येऊन दारात उभी राहिली. "ऊपर वालों को बोलूं?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुला बोलायचं असेल तर बोल. तिने विचार केला. चेअरमनने तिचा चपलांचा स्टँड पॅसेजमधून उचलून पार्किंगमध्ये ठेवला होता, आणि त्यातली एक चप्पल कुत्र्याने नेली होती. "ना," ती म्हणाली, "अंग्रेजी में लिखा तो है," आणि चहा टाकायला गेली.

आता जे सांगते ते चेअरमनच्या बायकोच्या मेसेजमध्ये आलेलं असणार. चारच्या पुढे त्या माझ्याकडे आल्या होत्या. भरजरी साडी, केसांत गजरा, धावपळीत. मोठं ताट हवं होतं, ते मी दिलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "काकू, वर या हं नक्की. पाऊस नाही ना येणार?"

"मी ग्रुपवर टाकलंय," मी म्हटलं.

"मी कुठे बघते तो ग्रुप. ते इंग्लिश ह्यांनाच कळतं."

"मग त्यांनाच विचारा."

त्या हसून गेल्या. मला त्यांना थांबवता आलं असतं. "बाई, पाऊस येतोय," एवढे तीन शब्द. ते मी बोलले नाही. तुमच्या बाबाचं म्हणणं आहे की इथे मी चुकले. माझं म्हणणं असं की ते तीन शब्द मला सोसायटीत बोलायची मनाई होती, आणि ती मनाई त्यांच्याच नवऱ्याने लेखी केली होती.

साडेपाचच्या सुमाराला आधी वारा गेला. पूर्ण थांबला. पडदा हलेना. मग कुणीतरी ढकलल्यासारखी सगळ्या इमारतीची दारं एकदम आपटली. वर काय झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. खुर्च्या गच्चीभर फरपटत होत्या, लोखंडी पाइप पडत होते, बायका ओरडत होत्या. माझ्या खिडकीतून ती पट्टी दिसते ना, तिच्यातून स्टेजमागचं गुलाबी कापड खाली जाताना दिसलं, लांबलचक, सावकाश. मग पाऊस आला आणि वीज गेली.

लिफ्ट बंद. जिन्यात अंधार आणि गर्दी. सगळे भिजलेले. वरून खाली पहिलं दार माझं. मी आतून साखळी लावून उभी होते. दार वाजलं, मी साखळीपुरतं उघडलं. चेअरमन होते. सिल्कचा कुर्ता अंगाला चिकटलेला, केसांतलं पाणी डोळ्यांत उतरत होतं. मागे जिन्यावर त्यांचे व्याही, विहीणबाई, पाहुणे, फुलांची ताटं डोक्यावर धरलेल्या बायका.

"काकू, दार उघडा ना," ते म्हणाले. "मुहूर्त चाललाय. अंधारात आमच्या घरी उतरेपर्यंत टळून जाईल."

मी म्हटलं, "किल्ली."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी मागे पाहिलं. मागे व्याही उभे होते. चेअरमननी खिशातून जुडगा काढला, अंधारात ती एक किल्ली सोडवायला त्यांना वेळ लागला, बोटं ओली होती. मी घाई केली नाही. ती त्या फटीतून माझ्या हातात आल्यावर मी साखळी काढली आणि सगळ्यांना आत घेतलं.

साखरपुडा माझ्या बैठकीत झाला. तुमच्या आजोबांच्या फोटोखाली पाट मांडले. मेणबत्त्या माझ्या, पंचे माझे, चहा समोरच्या शेजारणीचा. जेवण वर भिजलं होतं, तेव्हा तिने घरातले खाकरे आणले. मुलाची आजी रत्नागिरीकडची, सुपारीएवढी बाई. सगळं बघून ती म्हणाली, "बरं झालं, खाली आलो. वर बसून माझा तोल जात होता." मुलगा-मुलगी त्यामुळे पहिल्यांदा हसली.

आणि मग जे मला हवं होतं ते झालं, मी बोटही न लावता. मुलाचे मामा जहाजावर इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेले गृहस्थ. ते पंच्याने डोकं पुसत म्हणाले, अहो, एवढं वादळ, तुम्हाला कुणी सांगितलं कसं नाही? शेजारणीने निरागसपणे फोन त्यांच्यापुढे धरला. म्हणाली, "आंटी ने लिखा था ना." मामांनी मेणबत्तीजवळ नेऊन वाचलं. एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने, आणि मग सगळ्यांसाठी मराठीत अर्थ सांगितला, एकेक शब्द. पूर्वेला वादळी ढग. सूर्यास्ताआधी झंझावात. सगळं कापड बांधून घ्या.

"हे कुणा कॅप्टनने लिहिलंय का?" त्यांनी विचारलं.

शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी खालचं उत्तरही वाचलं, काव्यपंक्तींचं. मग ते चेअरमनकडे वळले. अगदी साधेपणाने, टोमणा मारावा असं त्यांच्या मनात नव्हतं, म्हणाले, "पण तुम्ही तर शिपिंगमध्ये ना?"

कुणी हसलं नाही. सभेत हसलेली आमच्या मजल्यावरची माणसं तिथे होती, तीही हसली नाहीत, जमिनीकडे बघत राहिली. हसली असती तर मला कमी बरं वाटलं असतं. चेअरमन म्हणाले, "मी डॉक्युमेंटेशनला आहे." ते काय करतात हे मला तेव्हा कळलं.

एका माणसाचं मला वाईट वाटलं. मुलगी माझ्या खोलीत साडी पिळायला आली होती. मी तिला माझी कोरडी नारायणपेठी दिली. आरशात बघत तिने विचारलं, "आजी, तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. "मला सांगायचंत." मी म्हटलं, "तुला सांगायला हवं होतं." तिच्या वडिलांचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. ती साडी तिने इस्त्री करून परत आणली. मी म्हटलं, ठेव. तिने ठेवली.

तिची आई माझ्याशी बोलत नाही. लिफ्टमध्ये भेटलो की मजल्यांचे आकडे बघते. ताटही वॉचमनच्या हाती पाठवलं. तो त्यांचा हक्क आहे. चेअरमन अजून चेअरमन आहेत. ग्रुपवर आता सगळ्या भाषा चालतात, कुणी ठराव केला नाही, आपोआप सुरू झालं. किल्ली परत मागायची कुणाची हिंमत झालेली नाही. बायका तिच्यासाठी माझं दार वाजवतात. चेअरमनच्या घरची मोलकरीण आली तर तिलाही देते, पण जरा वेळ लावून.

माफी मी मागणार नाही. तुमच्या बाबाला हे वाचून दाखवा आणि सांगा, आजी म्हणाली. कुणी तुमच्या तोंडचा घास काढून वर हसलं तर गप्प बसा, असं मी तुम्हाला शिकवणार नाही. त्याच्याशी खोटं बोलू नका, एवढंच शिकवेन. मी बोलले नाही.

पोहण्याचा क्लास परत शनिवारी गेलाय, असं मोठीने सांगितलं. तिनेच भांडून बदलून घेतला म्हणे. गेल्या रविवारी प्रश्न विचारायच्या आधी धाकट्याने त्याच्या खिडकीतलं आभाळ दाखवून 'लाउरिंग' म्हटलं होतं, आणि मी 'झाकोळ' म्हटलं होतं. दोन्ही शब्द बरोबर होते.

किल्ली देवघराशेजारच्या खुंटीवर आहे. मेमधल्या कुरडयांचा तो सकाळी खाली आणलेला डबा अजून तुमच्यासाठी ठेवलेला आहे. फक्त वरच्या थरातल्या दोन मोडल्यात.